बसला एसी लावायचाय? आधी टपावर चढा

विट्याच्या दादांचा प्रश्न थोडक्यात असा आहे. शाळेची जुनी ३२ सीटची बस घेतली, सीटा काढल्या, आता तिचं फिरतं घर करायचंय. गलाईच्या (सोनं-चांदी गाळण्याच्या) धंद्यात उभं आयुष्य तमिळनाडूत गेलं, भाऊबंद अजून तिकडंच पांगलेत. वर्षातून दोनदा नवरा-बायको, मुलगा आणि सून असे चौघं निघणार आणि एकेका पाहुण्याकडं चार-आठ दिवस मुक्काम करणार. एसीचा दुकानदार म्हणतो, दोन टनाचा स्प्लिट टाका. गॅरेजवाला म्हणतो, लक्झरीसारखा इंजिनावरच कॉम्प्रेसर बसवून देतो. मुलानं मोबाइलवर २४ व्होल्टचा टपावरचा एसी बघून ठेवलाय. शिवाय घरी दीड टनाचा जुना विंडो एसी पडून आहे, त्याचं काय करू, असंही शेवटी विचारलंय.

दादा, तुम्ही गाडी कुठली, सीटा किती, बजेट किती, सगळं कळवलंत. टपाला आत काय आहे ते मात्र लिहिलं नाहीत, आणि माझं निम्मं उत्तर तिथंच आहे.

मी मिरजेत गाड्यांच्या एसीचं काम करतो. त्याआधी काही वर्षं तासगावकडं बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजला मशीन रूममध्ये होतो. तिथं पहिल्याच महिन्यात एक गोष्ट डोक्यात बसली. मशीन थंडी तयार करत नाही. आत शिरलेली उष्णता उचलून बाहेर टाकतं, बस्स. जेवढी शिरू द्याल तेवढी पैसे मोजून बाहेर काढायची. म्हणून तिथला मालक मशीनपेक्षा पफच्या (उष्णता अडवणाऱ्या फोमच्या) भिंतीवर आणि दाराच्या रबरावर जास्त लक्ष ठेवायचा. दार पाच मिनिटं उघडं दिसलं की हमालापासून सुपरवायझरपर्यंत सगळ्यांचा उद्धार व्हायचा. बसवाले बरोबर उलटं करतात. पत्र्याचा डबा आहे तसाच ठेवायचा आणि त्याला मोठ्यात मोठं मशीन लावायचं.

तुमच्या गाडीचा हिशोब मी अंदाजानं मांडतो. आतली लांबी साडेसहा मीटर आणि रुंदी २.२ धरतो. एप्रिलची दुपार, बाहेर ४० अंश, आत आपल्याला २६ पाहिजे. टपाचा पत्रा अशा वेळी ६५ अंशापर्यंत सहज जातो. पिवळ्या रंगाची गाडी जतच्या बाजूला उन्हात उभी असताना मी टपाला थर्मामीटर लावून बघितलंय, हात ठेवायची सोय नसते. पत्र्याखाली नुसती पोकळी आणि पातळ लायनिंग असेल तर एकट्या टपातून सोळाशे-सतराशे वॉट उष्णता आत येते. पश्चिमेच्या काचांवर तिरपं ऊन आलं की त्यातून आणखी दोन हजार. बाकीच्या काचा, कडेचा पत्रा, खालची फरशी, फटीतून येणारी हवा आणि माणशी शंभर वॉटप्रमाणं चार माणसं धरली की बेरीज सव्वासहा-साडेसहा किलोवॉटवर जाते. एक टन म्हणजे साडेतीन किलोवॉट. म्हणजे दुकानदाराचे दोन टन हवेतले नाहीत, त्यानं आहे त्या डब्याचा हिशोब बरोबर केलाय.

आता डबा बदला. ड्रायव्हरच्या मागं एक पार्टिशन घाला आणि मागची साडेचार मीटरचीच जागा थंड करायची असं ठरवा. टपाला बाहेरून पांढरा रंग द्या. पत्रा १५ अंशानं तरी गार राहतो, आणि सगळ्या कामात सर्वांत स्वस्त हेच. आतून ४० मिलिमीटर पफ किंवा एक्सपीएस (कडक फोमची शीट) भरा. खिडक्या दोनच ठेवा, त्याही लहान. मग तोच हिशोब पुन्हा करा: टपातून अडीचशे, भिंतींतून तीनशे, काचांतून सव्वादोनशे, फरशी आणि पार्टिशन मिळून सव्वादोनशे, माणसांचे चारशे, फटी, फ्रिज, दिवे मिळून पावणेतीनशे. एकूण सोळाशे-सतराशे वॉट. म्हणजे अर्धा टन! एक टनाचा इन्व्हर्टर स्प्लिट (गरजेप्रमाणं कॉम्प्रेसरचा वेग बदलणारा) त्यात निम्म्या ताकदीवर रमतगमत चालेल. आधी एकट्या टपातून जेवढं आत येत होतं, तेवढ्यात आता अख्खी खोली बसली.

टपाबद्दल एवढं लिहितोय त्याला कारण आहे. घराचा विचार करताना माणूस पश्चिमेची भिंत बघतो. पण मेच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात सांगली-साताऱ्यात शून्य सावलीचा दिवस येतो, सूर्य दुपारी बरोबर डोक्यावर. तमिळनाडूत तो एप्रिलमध्येच येऊन जातो. तुम्ही नेमके याच दिवसांत तिकडं असणार. तिरपं ऊन काचेतून येतं तेव्हा गाडी फिरवून उभी करता येते, तोंड किंवा पाठ पश्चिमेला करून. डोक्यावरच्या उन्हाला गाडी कशी फिरवणार?

इन्सुलेशनमध्ये एक चूक सर्रास होते. कारागीर दोन चॅनेलच्या मधल्या चौकोनात शीट कापून बसवतात, फटी फोमनं भरतात, वर प्लाय ठोकतात आणि काम झालं म्हणतात. पण चॅनेल लोखंडाचाच. तो वर टपाला टेकलेला आणि खाली प्लाय त्याच्यावर स्क्रूनं आवळलेला. दुपारी अशा बसमध्ये जाऊन प्लायवर हात ठेवा, कोमट लागेल. मग स्क्रूच्या डोक्यावर बोट ठेवा. चटका बसतो. स्क्रूंची ओळ बघून आत चॅनेल कुठून गेलाय ते डोळे मिटून सांगता येतं. आणि हीच बस ऑगस्टमध्ये महाबळेश्वरला नेऊन आत चौघं झोपा, सकाळी त्याच स्क्रूंच्या डोक्यांवर पाण्याचे थेंब लोंबत असतात. म्हणून प्लाय लावण्याआधी प्रत्येक चॅनेलवर आठ-दहा मिलिमीटर नायट्राइल रबराची पट्टी चिकटवून घ्या. दिवसभराचंही काम नाही, पण कुणी करत नाही, कारण वरून दिसत नाही.

थर्माकोल वापरू नका, पेटतो आणि पेटल्यावर टपकतो. काचलोकर पावसाळ्यात पाणी धरते आणि खाली बसते. पफ किंवा एक्सपीएस घेतानाही आग धरून न ठेवणारी जात मागा. नायट्राइल सगळ्यांत बरं, महाग आहे, पण वळणाच्या जागी दुसरं काही नीट बसतही नाही.

काचांना आतून पडदा लावून फार फरक पडत नाही. ऊन काच ओलांडून आत आलं की आलंच, पडदा तापतो आणि खोली तापवतो. अडवायचं तर बाहेर. मुक्कामाला पोचलं की खिडकीवर बाहेरून टाकायला चंदेरी शीटचे तुकडे मापात कापून ठेवा, कडेला लोहचुंबक शिवून घ्या. सूनबाईंना शिलाई येत असेल तर एका दुपारचं काम.

आता मशीन. माझ्याकडं येणारा प्रत्येक जण टन विचारत येतो. मी त्याला उलटा विचारतो: इंजिन बंद असताना गाडी कुठं उभी राहणार? ढाब्यावर, पाहुण्याच्या अंगणात, की कासला पठाराच्या कडेला? उत्तर तीन ठिकाणांचं तीन निघतं.

गॅरेजवाल्याचा इंजिनावरचा एसी आधी घेऊ. चालत्या गाडीला त्याच्याइतकं दणकट काही नाही. रस्त्यावरच्या डिझेलच्या बहुतेक एसी बस त्याच्यावर किंवा वेगळ्या छोट्या इंजिनावर चालतात, कॉम्प्रेसर हादऱ्यासाठीच बनलेला असतो, नळ्या रबरी असतात, आणि बिघडला तर हायवेला कुठल्याही मोठ्या गावात मिस्त्री मिळतो. पण इंजिन बंद झालं की तो मेला. आणि इंजिन नुसतं घुरघुरत ठेवलं तर कॉम्प्रेसरही सावकाश फिरतो, त्यामुळं गारवा अर्धवट, डिझेल मात्र तासाला दीड-दोन लिटर. हे झालं पैशाचं. जिवाचं वेगळं. उभ्या गाडीत इंजिन चालू ठेवून, काचा लावून झोपायचं नाही. एकदाही नाही. सायलेन्सरचा धूर गाडीखाली साचतो आणि फरशीच्या भोकांतून वर येतो. त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही; झोपेतला माणूस झोपेतच राहतो. छोट्या जनरेटरचंही तेच, तो डिकीत ठेवून चालवायचा नाही. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म मिळतो, कुठलाही एसी लावा किंवा लावू नका, गादीच्या उंचीला तो लावा. तुम्ही आत गॅसची शेगडीही ठेवणार आहात.

मुलानं बघितलेला २४ व्होल्टचा टपावरचा एसी वाईट नाही. रोज पुढच्या गावाला जाणारा, रात्री पेट्रोल पंपावर किंवा ढाब्यावर थांबणारा माणूस असता तर मी तोच सांगितला असता. एकच डबा, नळ्या कारखान्यातूनच जोडलेल्या, गॅसचा जोड उघडायचा नाही. पण जाहिरातीतला बीटीयूचा (गारव्याच्या मापाचा) आकडा वाचू नका. पाटीवर अँपिअर किती ते वाचा. २४ व्होल्टवर ३५ अँपिअर म्हणजे ८४० वॉट. असलं यंत्र घेतलेल्या विजेच्या अडीच-तीनपट उष्णता बाहेर टाकतं, म्हणजे अडीच किलोवॉटच्या पुढं गारवा त्यातून निघत नाही, पेटीवर काहीही छापलेलं असो. त्याला गाडीची स्टार्टची बॅटरी जोडून चालणार नाही, सकाळी धक्का मारायला पाहुणे बोलवावे लागतील. आणि बसवताना टपाचा चॅनेल कापायला लागत असेल तर बॉडीबिल्डरकडून चौकट वेल्ड करून घेतल्याशिवाय कापू देऊ नका. चॅनेल कापला की पहिल्या पावसात टप खोलगट होतो आणि पाणी तिथंच साचतं.

तुमचा मुक्काम मात्र पाहुण्याच्या दारात, चार-आठ दिवस, घरातून वायर ओढता येईल अशा ठिकाणी. म्हणून तुम्हाला एक टनाचा घरगुती इन्व्हर्टर स्प्लिट. दोन टनाचा का नको, तर नुसतं विजेसाठी नव्हे. चेन्नईच्या दमट हवेत एसीचं बरंचसं काम हवेतलं पाणी काढायचं असतं. खोलीच्या मानानं मशीन मोठं झालं की दहा मिनिटांत २४ अंश दाखवून मंद होतं. कॉइल पुरती गार राहत नाही, पाणी निघत नाही, आणि माणूस गारठलेला पण चिकचिकीत, ओल्या पोत्यात झोपल्यासारखा. लहान मशीन सलग चालतं आणि हवा कोरडी करतं. आटपाडी-माणच्या कोरड्या उन्हात हा फरक कळत नाही, तिथं तर साधा डेझर्ट कूलरही काम करून जातो. समुद्राकडं गेलात की कळतो.

घरगुती स्प्लिट बसमध्ये लावण्यात एकच मोठी भानगड आहे, हादरे. ते मला कसं कळलं ते सांगतो, कारण चूक माझीच होती. सुरुवातीच्या काळात एका वारकरी मंडळाच्या गाडीला मी स्प्लिट लावला. घरात लावतात तसाच, नळी सरळ, टापटीप, दर फुटावर क्लॅम्प, बघणारा म्हणाला काय सफाई आहे. गाडी पंढरपूरला जाऊन आली आणि गारवा गायब. आउटडोरजवळचं इन्सुलेशन सोललं तर नळीला तेलाचा ओला डाग, आणि फ्लेअर नटच्या (नळीचं पसरवलेलं तोंड आवळणाऱ्या नटच्या) तोंडाशी तांब्याला बारीक चीर, नखानं चाचपल्यावर लागेल एवढी. बांगडी पिचते तशी गोल. तेल दिसतं तिथून गॅस गेलेला असतो. सरळ नळीला हादरा पचवायला जागाच नव्हती, सगळा मार त्या एका गळ्यावर बसला. पुन्हा गॅस भरायचे पैसे मी कसे मागणार?

तेव्हापासून मी आउटडोरजवळ दोन सुती (पाव इंची) आणि तीन सुती (३/८ इंची), दोन्ही नळ्यांना हातभर व्यासाचा निदान एक पूर्ण वेढा देतो, जिलबीसारखा. वेढा मोकळा ठेवायचा, त्याला क्लॅम्प नाही. क्लॅम्प त्याच्या पुढं, तेही रबर घालून. फ्लेअर नट अंदाजानं आवळायचा नाही, टॉर्क पान्यानं आवळायचा, दोन सुतीला १६ आणि तीन सुतीला ४० न्यूटन-मीटरच्या आसपास. कमी आवळला तर गळतो, जास्त आवळला तर ओठ पातळ होऊन चिरतो. पहिले पाचशे किलोमीटर झाले की साबणाचं पाणी लावून पुन्हा बघायचं. मिस्त्री व्हॅक्यूम न काढता नुसता गॅस सोडून हवा घालवतो म्हणाला तर त्याला चहा पाजून परत पाठवा.

आउटडोर कुठं? सगळे मागच्या बाजूला फ्रेम करून टांगतात. तुमची शाळेची गाडी आहे, मागं संकटकाळचं दार आहे. ते अडवायचं नाही, पासिंगसाठी नव्हे, तुमच्यासाठी. शिवाय धावत्या गाडीच्या मागं हवेचा भोवरा होतो आणि रस्त्याची सगळी धूळ पाठीला येऊन चिकटते. हंगामात उसाच्या ट्रॅक्टरमागनं दोन तास गाडी चालवा आणि कंडेन्सरची (उष्णता बाहेर टाकणाऱ्या कॉइलची) जाळी बघा, चिपाड, पाचट, माती सगळं एकत्र. खालच्या डिकीत तुमच्या गाडीला उंची पुरणार नाही, आउटडोर पावणेदोन फूट तरी उंच असतो.

मी असं करेन. मागच्या डाव्या कोपऱ्यात फरशीपासून एक कपाट बांधायचं, बसच्या आतल्या बाजूनं पूर्ण बंद आणि भिंतींसारखंच इन्सुलेशन केलेलं. आउटडोर त्यात, रबरी माउंटवर, फ्रेम फरशीखालच्या चॅनेलला बोल्टनं. पंख्याचं तोंड डावीकडं, तिथं पत्र्याला मोठी झडप. पाठीमागं वीतभर जागा, आणि ताजी हवा खालून जाळीतून घ्यायची. आउटडोरच्या कडेनं पत्र्याची पट्टी मारून पुढची आणि मागची हवा वेगळी करायची. ही पट्टी विसरली की फेकलेली गरम हवा वळून पुन्हा आत खेचली जाते आणि ४० अंशाच्या दुपारी कंडेन्सरला ५५ ची हवा मिळते. मग मशीन ट्रिप होतं आणि लोक कंपनीला शिव्या देतात. इनडोर त्याच कपाटाच्या वरच्या भिंतीला, तोंड पुढं. पाटी प्लायला नव्हे, लोखंडाला आवळलेली. यात नळी जेमतेम हात-दीड हात लागते, पण कंपनी किमान तीनेक मीटर ठेवा म्हणते, तर उरलेली नळी म्हणजेच आपली जिलबी. दोन कामं एका जिलबीत.

घाटात आणि खराब रस्त्याला हा एसी बंद ठेवा. खंबाटकी चढताना त्याच्याकडून गारवा मागू नका. गाडी कलती उभी असेल तर पाण्याची नळी ज्या बाजूला आहे ती बाजू खाली येईल असं बघा, नाहीतर रात्री इनडोरमधून गादीवर ठिबकतं.

गॅस बहुतेक आर-३२ च मिळेल. तो थोडा ज्वलनशील आहे, पण प्रमाण कमी असतं आणि जोड सगळे त्या बंद कपाटात येतील, इनडोरचे दोन नट सोडले तर. आर-२९० म्हणजे प्रोपेनवर चालणारे एसी घरात ठीक, मी ते हादरणाऱ्या आणि शेगडी असलेल्या बंद गाडीत लावत नाही.

आता वीज, आणि इथं तुमच्या मुलाला बसवून वाचायला लावा. रात्री ऊन नाही, बाहेर २८ अंश. चार माणसं आणि थोडंफार मिळून आत सात-आठशे वॉट उष्णता. इन्व्हर्टर एसी त्याला अडीचशे-तीनशे वॉट वीज घेईल. आठ तासांचे दोन ते अडीच युनिट, तीन धरा. ५१.२ व्होल्ट, १०० अँपिअर-तासाची एलएफपी (लिथियम) बॅटरी म्हणजे पाच युनिटला थोडी जास्त. ८० टक्के वापरली आणि बॅटरीची वीज घरच्यासारखी करणाऱ्या इन्व्हर्टरची घट वजा केली तर साडेतीन युनिट हातात. एक रात्र निघते. लेड-ॲसिडमध्ये तेवढंच पाहिजे असेल तर निम्मीच वापरता येते, म्हणजे वजन क्विंटलाच्या कितीतरी पुढं, आणि ते मागच्या चाकांवर. इन्व्हर्टर प्युअर साइन वेव्ह, तीन केव्हीए पुरे. विंडो एसीचं उत्तर इथंच मिळतं: तो जुना दीड टनी सतराशे वॉट सलग ओढतो, आणि कॉम्प्रेसर उचलताना क्षणभर त्याच्या कितीतरी पट. तुमची सगळी बॅटरी तो दोन-अडीच तासांत गिळेल. शेताच्या घरी लावा.

टपावर दोन मीटर बाय एक मीटरची चार सोलर पॅनेल बसतात, १.३ किलोवॉट. सपाट टपावर उन्हाळ्यात दिवसाला पाचेक युनिट मिळतील, पावसाळ्यात कोयनेकडं गेलात तर विसरा. पॅनेल टपाला चिकटवू नका, दोन-अडीच इंच वर फ्रेमवर घ्या. खालून हवा खेळली की पॅनेल गार राहतात आणि टपाला फुकटची सावली मिळते.

बाहेरून घरातली लाइन घेताना १५ अँपिअरचा सॉकेट, तीन कोअर ४ चौरस मिलिमीटरची केबल, आणि ती रिळावरून पूर्ण सोडायची. गुंडाळलेल्या केबलमधून तासन्‌तास एसी चालवला की रीळ वितळतं. गाडीच्या आत शिरताच ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (वीज गळली की लाइन तोडणारा स्विच) आणि अर्थिंग बॉडीला जोडलेलं. हे दोन्ही नसताना काय होतं ते नीट समजून घ्या. बस टायरवर उभी, म्हणजे जमिनीपासून तुटलेली. आत कुठं फेज बॉडीला लागली तर आतल्या कुणाला काही कळत नाही. सकाळी वहिनी अनवाणी ओल्या अंगणात उतरतात आणि दाराचा दांडा धरतात. एक पाय जमिनीवर, हात बसच्या दांड्यावर, आणि करंट अंगातून जातो. म्हणून आरसीसीबीचं टेस्ट बटण प्रत्येक मुक्कामाला दाबून बघायचं, आणि पाहुण्याच्या घरात अर्थिंग खरंच आहे का ते अर्थिंग दाखवणाऱ्या सॉकेट टेस्टरनं तपासायचं. जुन्या घरांत तिसरं भोक नुसतं शोभेला असतं. व्होल्टेज १७०-१८० वर येणाऱ्या गावात थेट एसी न चालवता बॅटरी चार्ज करायची आणि एसी बॅटरीवर.

ड्रायव्हरला विसरू नका. तुमच्या गाडीत इंजिन त्याच्या शेजारीच आहे. हायवेला तासभर चालवल्यावर बॉनेटवर हात ठेवून बघा, निम्मी गरमी तिथून येते. बॉनेटच्या आतून उष्णता अडवणारं जाड अस्तर लावलं आणि कडेचं रबर बदललं की पुढं बराच फरक पडतो. नव्या बनणाऱ्या मोठ्या ट्रकच्या केबिनला १ ऑक्टोबर २०२५ पासून एसी सक्तीचा झालाय तो उगाच नाही, तापलेला ड्रायव्हर पेंगतो. तुम्ही पहाटे चारला निघून अकराला थांबणार असाल तर पुढं दोन चांगले पंखे पुरतील. भर दुपारी चालवायचं असेल तर फक्त केबिनपुरता इंजिनावरचा छोटा एसी घ्या, तिथं गॅरेजवाल्याचं ऐका. अख्ख्या बसला नको.

कागदाचं: गाडीच्या बांधणीत बदल करायचा तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली आरटीओची परवानगी आधी घ्यायची असते. तुमची एमएच-१० आहे, म्हणजे सांगलीलाच. फिरत्या घरांसाठी एआयएस-१२४ हे वेगळं मानक आहे, बॉडीबिल्डरला ते माहीत आहे का विचारा. चेहरा कोरा पडला तर दुसरा शोधा. टपावर पॅनेल चढल्यावर गाडीची उंची पुन्हा मोजा आणि आकडा ड्रायव्हरसमोर चिकटवा, रेल्वेच्या पुलाखाली आठवायला. विमा कंपनीला बदल लेखी कळवा.

आता तुम्ही करायचं काम. एक लायनिंग उचकटून टपाला आत काय आहे त्याचा फोटो काढा. दुपारी तीनला गाडी बंद करून उन्हात उभी करा आणि चारला आतलं तापमान लिहून ठेवा. आणि अल्टरनेटरवरची पाटी पुसून तिच्यावरचे अँपिअर वाचा. चालत्या गाडीत बॅटरी चार्ज करायला २४ चे ४८ करणारा डीसी चार्जर लागतो. लिथियम बॅटरी मिळेल तेवढं ओढते, चार्जर अल्टरनेटरला झेपेल त्यापेक्षा मोठा घेतला तर अल्टरनेटर जळतो. चार्जर किती वॉटचा घ्यायचा ते त्या पाटीवर अवलंबून आहे, त्यामुळं तेवढं कळवल्याशिवाय काही विकत घेऊ नका.